'गरजे'कडून 'पात्रते'कडे : ब्रिटनमधील मालवाहतूक व्यावसायिकांच्या अधिस्वीकृतीचा इतिहास (१९३० ते २०२४)

बीजशब्द : मालवाहतूक, परवाना, अधिस्वीकृती, वाहतूक आयुक्त, व्यावसायिक क्षमता, रस्ता सुरक्षा.

प्रस्तावना :

'अधिस्वीकृती' हा शब्द उच्च शिक्षण क्षेत्राला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'मुळे परिचित झाला. एखाद्या संस्थेने ठरवून दिलेले निकष पूर्ण केले आहेत, असे त्रयस्थ यंत्रणेने तपासून जाहीर करणे, हा त्याचा स्थूल अर्थ आहे. परंतु ही कल्पना केवळ शिक्षणापुरती मर्यादित नाही. ज्या व्यवसायात एका घटकाच्या निष्काळजीपणाची किंमत त्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाला मोजावी लागते, अशा प्रत्येक व्यवसायात विश्वासाचा प्रश्न निर्माण होतो. मालवाहू वाहनांचा ताफा चालविणे हा असाच एक व्यवसाय आहे. ट्रकचे ब्रेक नादुरुस्त असतील तर त्याचे परिणाम माल पाठविणाऱ्याला किंवा माल घेणाऱ्याला भोगावे लागतीलच असे नाही. ते बहुधा रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याला भोगावे लागतात.

या व्यवसायात कोणाला प्रवेश द्यावा आणि कोणाला नाकारावा, हे ठरविण्याची सर्वात दीर्घ व सलग परंपरा ज्या देशांत आढळते, त्यांत ब्रिटनचा समावेश करावा लागतो. १९३० च्या दशकात तेथे निर्माण झालेली वाहतूक आयुक्तांची यंत्रणा आजही कार्यरत आहे. मात्र यंत्रणा तीच राहिली तरी तिने विचारावयाचा प्रश्न पूर्णपणे बदलला. प्रारंभी 'या वाहनाची बाजारात गरज आहे काय?' असा प्रश्न विचारला जात असे. पुढे 'हा माणूस वाहने चालविण्यास पात्र आहे काय?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. एकविसाव्या शतकात त्यात 'कायद्याने मागितले त्याहून अधिक काही तो करतो काय?' या तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. प्रश्नांमधील या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे. भारतातील मोटार वाहन कायद्याची जडणघडण याच ब्रिटिश पार्श्वभूमीवर झाली असल्याने या इतिहासाचे आपल्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ब्रिटनमधील मालवाहतूक परवाना पद्धतीच्या उदयाची कारणे शोधणे.
२) 'गरज' या निकषाकडून 'पात्रता' या निकषाकडे झालेल्या स्थित्यंतराचे विश्लेषण करणे.
३) शासकीय परवाना व स्वेच्छेने घेतलेली अधिस्वीकृती यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.
४) भारतीय परवाना पद्धतीशी या इतिहासाचा असलेला संबंध तपासणे.

व्याप्ती व पद्धती :

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. संसदेने संमत केलेले कायदे, शासकीय समित्यांच्या शिफारशी आणि त्यांची अंमलबजावणी यांवर मुख्य भर देण्यात आला आहे. प्रवासी वाहतुकीचा उल्लेख केवळ संदर्भापुरता येतो.

१. पहिले महायुद्ध आणि अनियंत्रित स्पर्धा :

पहिले महायुद्ध संपल्यानंतर लष्कराकडील हजारो अतिरिक्त लॉऱ्या ब्रिटनमध्ये विक्रीस निघाल्या. सैन्यातून परत आलेल्या अनेकांनी त्या विकत घेतल्या व मालवाहतुकीचा व्यवसाय सुरू केला. युद्धात वाहन चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण मिळाले होते, हाती थोडी रक्कम होती आणि नोकऱ्या मिळत नव्हत्या. परिणामी अत्यल्प भांडवलावर, बहुधा एकाच लॉरीच्या आधारे व्यवसाय करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग उदयास आला. या वर्गाला कोणत्याही परवान्याची आवश्यकता नव्हती.

दुसरीकडे रेल्वे कंपन्या मात्र जुन्या कायदेशीर बंधनांनी जखडलेल्या होत्या. १९२१ च्या रेल्वे कायद्यानुसार असंख्य कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या अस्तित्वात आल्या. या कंपन्यांना आपले दर जाहीर करावे लागत आणि कोणताही माल नाकारता येत नसे. लॉरीवाल्याला रेल्वेचा छापील दर पाहून त्याहून थोडा कमी दर सांगणे सहज शक्य होते. तो फायद्याचा माल उचलत असे व अवजड, कमी किमतीचा माल रेल्वेसाठी सोडून देत असे. त्याच वेळी आपापसांतील स्पर्धेमुळे लॉरीवाल्यांचे दरही घसरले. चालकांना दीर्घकाळ सलग वाहन चालवावे लागे व वाहनांच्या देखभालीकडे दुर्लक्ष होत असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. नियंत्रणाच्या मागणीमागे दोन भिन्न हेतू होते. रस्ता सुरक्षित व्हावा हा एक हेतू, आणि रेल्वेचे उत्पन्न टिकावे हा दुसरा. पुढील पस्तीस वर्षांच्या धोरणात हे दोन हेतू परस्परांत मिसळून गेले, आणि त्यातूनच या पद्धतीतील मूलभूत दोष निर्माण झाला.

२. १९३३ चा कायदा : 'गरज' हा निकष :

१९२८ मध्ये सर आर्थर ग्रिफिथ-बॉस्कवेन यांच्या अध्यक्षतेखाली वाहतूकविषयक शाही आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशींच्या आधारे १९३० चा रस्ता वाहतूक कायदा संमत झाला. या कायद्याने वाहतूक आयुक्तांची यंत्रणा निर्माण केली, बससेवेला परवाना बंधनकारक केला व चालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली. मालवाहतुकीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्याचा विचार करण्यासाठी १९३२ मध्ये सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे व रस्ता वाहतूक क्षेत्रांच्या प्रतिनिधींची परिषद भरविण्यात आली. परिषदेने अवजड वाहनांवरील कर वाढविण्याची व परवाना पद्धत सुरू करण्याची शिफारस केली.

त्यानुसार १९३३ चा रस्ता व रेल्वे वाहतूक कायदा अस्तित्वात आला. कायद्याच्या नावातच रस्ता व रेल्वे यांची सांगड घातलेली आहे, ही बाब बोलकी आहे. या कायद्याने परवान्यांचे तीन वर्ग केले. भाड्याने इतरांचा माल वाहणाऱ्यास 'अ' परवाना, स्वतःच्या मालाबरोबर काही अटींवर इतरांचाही माल वाहणाऱ्यास 'ब' परवाना आणि केवळ स्वतःच्या व्यापारातील माल वाहणाऱ्यास 'क' परवाना देण्यात येऊ लागला. वाहने सुस्थितीत ठेवणे, कामाच्या तासांचे बंधन पाळणे व त्यांच्या नोंदी ठेवणे या अटी परवान्यास जोडलेल्या होत्या.

सुरक्षिततेच्या दृष्टीने या अटी योग्यच होत्या. परंतु परवाना मिळण्याचा खरा अडसर वेगळाच होता. नव्याने 'अ' किंवा 'ब' परवाना मागणाऱ्यास, अथवा ताफ्यात वाहन वाढवू इच्छिणाऱ्यास, त्या वाहतुकीची गरज सिद्ध करावी लागे. रेल्वे कंपन्या व आधीपासून व्यवसायात असलेले वाहतूकदार यांना हरकत घेण्याचा अधिकार होता. 'आमच्याकडे पुरेशी साधने उपलब्ध आहेत' एवढे त्यांनी दाखवून दिले, की अर्जदाराची बाजू कमकुवत होत असे. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करावयाची, त्याच्याच हरकतीला तोंड देऊन व्यवसायात प्रवेश मिळवावा लागे. उलट, कायदा लागू होण्यापूर्वीच व्यवसायात असलेल्यांना त्यांच्या तत्कालीन वाहनक्षमतेइतका परवाना हक्काने मिळाला. त्यांची क्षमता अथवा चारित्र्य यांची मुळातून तपासणी झाली नाही.

या व्यवस्थेचा एक परिणाम अटळ होता. परवाना दुर्मीळ झाल्याने त्यालाच बाजारमूल्य प्राप्त झाले. चालू व्यवसाय विकताना लॉरीपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या परवान्यासाठी अधिक रक्कम मोजली जाऊ लागली. जो दस्तऐवज जनतेच्या विश्वासाचे प्रतीक असावयास हवा होता, तो मालमत्ता बनला. तो मालकाच्या गुणवत्तेविषयी काहीही सांगत नव्हता. मालकाने व्यवसायात कधी प्रवेश केला एवढेच सांगत होता.

३. राष्ट्रीयीकरण व त्याची माघार :

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने १९४७ च्या वाहतूक कायद्यान्वये लांब पल्ल्याच्या भाडोत्री मालवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले. 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस' या नावाने ही सेवा ओळखली जाऊ लागली. खासगी वाहतूकदारांना सामान्यतः आपल्या केंद्रापासून पंचवीस मैलांच्या आतच माल वाहण्याची मुभा राहिली. 'क' परवानाधारकांवर मात्र अंतराचे बंधन नव्हते. याचा परिणाम असा झाला की, अनेक कारखानदारांनी व व्यापाऱ्यांनी सरकारी सेवेवर विसंबून राहण्याऐवजी स्वतःच्या लॉऱ्या घेतल्या. नियंत्रणाने एका दाराने जे अडविले, ते दुसऱ्या दाराने आत आले.

१९५३ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीयीकरण मागे घेतले व वाहने पुन्हा खासगी खरेदीदारांना विकण्यास प्रारंभ केला. अशा वाहनांसोबत विशेष 'अ' परवाने देण्यात आले. अवघ्या सहा वर्षांत व्यवसायाची मालकी दोनदा बदलली. तरीही परवान्याचा मूळ निकष 'गरज' हाच राहिला. वाहतूक व्यवस्थापकाला आपल्या कामाचे ज्ञान आहे काय, हा प्रश्न दोन्ही राजवटींत कोणी विचारला नाही, हे विशेषत्वाने नमूद करावेसे वाटते.

४. गेडीस समिती व १९६८ चा कायदा :

१९६० च्या दशकापर्यंत परिस्थिती बदलली होती. १९६२ च्या वाहतूक कायद्याने रेल्वेला जुन्या बंधनांतून मुक्त केले होते. त्यामुळे रेल्वेच्या संरक्षणासाठी लॉरीला अडविण्याचे समर्थन दुबळे झाले. १९६३ मध्ये लॉर्ड गेडीस यांच्या अध्यक्षतेखाली वाहतूकदारांच्या परवाना पद्धतीचा फेरविचार करणारी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित परवाना पद्धतीमुळे ना सुरक्षितता वाढते, ना कार्यक्षमता, असा या समितीच्या विवेचनाचा आशय होता. वाहनसंख्येवरील नियंत्रण रद्द करावे, असे तिने सुचविले.

बार्बरा कॅसल यांच्याकडे डिसेंबर १९६५ मध्ये वाहतूक खाते आले. त्यांच्या कार्यकाळात तयार झालेल्या १९६८ च्या वाहतूक कायद्याने गेडीस समितीचा निम्मा सल्ला मानला. 'अ', 'ब', 'क' हे वर्ग रद्द करून त्यांच्या जागी एकच 'ऑपरेटर परवाना' आणला गेला. १९७० पासून तो अमलात आला. साडेतीन टनांपर्यंतच्या लहान वाहनांना यातून वगळण्यात आले. स्वतःचा माल वाहणारा आणि भाड्याने वाहणारा या दोघांनाही आता परवाना लागू लागला. त्यामागील तर्क सरळ होता. लॉरीतील माल कोणाचा आहे, यावर तिच्या ब्रेकची स्थिती अवलंबून नसते.

याच कायद्यात सोळा टनांहून अधिक वजनाच्या वाहनांना शंभर मैलांपलीकडील प्रवासासाठी विशेष अधिकारपत्र घ्यावे लागेल व त्यास रेल्वेला हरकत घेता येईल, अशीही तरतूद होती. 'गरज' या निकषाचे ते अखेरचे रूप होते. तथापि ती तरतूद कधीच अमलात आली नाही. पुढे १९८० च्या कायद्याने ती औपचारिकरीत्या रद्द झाली.

या टप्प्यावर ब्रिटनमध्ये 'गुणवत्ता परवाना' ही संकल्पना स्थिर झाली. अर्जदाराचे चारित्र्य, वाहन देखभालीची व्यवस्था, आर्थिक साधने आणि वाहने उभी करण्याची जागा या बाबी तपासल्या जाऊ लागल्या. जो निकष पूर्ण करील त्याला परवाना नाकारता येणार नाही, हे तत्त्व मान्य झाले. स्पर्धकाच्या हरकतीला यात स्थान उरले नाही.

५. युरोपीय निकष : क्षमतेची परीक्षा :

ब्रिटनने १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला. १९७४ च्या युरोपीय निदेशाने मालवाहतूक व्यवसायात प्रवेशासाठी तीन अटी घातल्या : चांगली प्रतिष्ठा, पुरेशी आर्थिक स्थिती आणि व्यावसायिक क्षमता. यांपैकी तिसरी अट ब्रिटनच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने नवीन होती. व्यवस्थापकाच्या स्वतंत्र परवान्याची कल्पना १९६८ च्या कायद्यात होती. परंतु ती प्रत्यक्षात उतरली नव्हती.

१९७८ पासून ब्रिटनमध्ये परवान्याचे तीन प्रकार रूढ झाले. केवळ स्वतःचा माल वाहणाऱ्यास 'मर्यादित' परवाना, भाड्याने देशांतर्गत वाहतूक करणाऱ्यास 'प्रमाण राष्ट्रीय' परवाना व देशाबाहेर जाणाऱ्यास 'प्रमाण आंतरराष्ट्रीय' परवाना. प्रमाण परवान्यासाठी व्यावसायिक क्षमतेचे प्रमाणपत्र असलेला वाहतूक व्यवस्थापक असणे बंधनकारक झाले. कायदा, हिशेब, वाहनांची तांत्रिक बाजू, चालकांचे कामाचे तास अशा विषयांची परीक्षा देऊन हे प्रमाणपत्र मिळवावे लागते. अनेक वर्षे व्यवसायात असलेल्यांना अनुभवाच्या आधारे सूट देण्यात आली. १९३३ प्रमाणेच याही वेळी जुन्यांना झुकते माप मिळाले. फरक एवढाच, की नव्याने येणाऱ्याचा मार्ग आता स्पर्धकाच्या हाती नसून त्याच्या स्वतःच्या अभ्यासाच्या हाती होता.

१९८० च्या दशकात यात आणखी एका घटकाचा समावेश झाला. लॉऱ्या जेथे उभ्या राहतात त्या केंद्राच्या परिसरातील रहिवाशांना आवाज, धूर व वर्दळ या कारणांवरून आक्षेप नोंदविण्याचा अधिकार मिळाला. एकेकाळी हरकतीचा अधिकार रेल्वे कंपनीकडे होता. आता तो शेजाऱ्याकडे आला. लॉरीने कोणाच्या हिताला बाधा येते याविषयीची समाजाची समजूत पन्नास वर्षांत कशी पालटली, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९९५ च्या कायद्याने या सर्व तरतुदी एकत्रित केल्या. परवान्याची ठरावीक मुदत संपुष्टात येऊन तो निरंतर झाला. मात्र निरंतर याचा अर्थ कायमचा असा नव्हे. वाहनांची ठरलेल्या कालावधीनंतर सुरक्षा तपासणी करणे, चालकाने आढळलेला दोष लेखी कळविणे, दुरुस्तीच्या नोंदी पंधरा महिने जतन करणे, अतिरिक्त भार न लादणे अशी वचने परवानाधारकाला द्यावी लागतात. वचनभंग झाल्यास वाहतूक आयुक्त जाहीर चौकशी घेतात. परवाना रद्द करणे, निलंबित करणे, वाहनसंख्या कमी करणे किंवा व्यक्तीला व्यवसायास अपात्र ठरविणे हे अधिकार त्यांना आहेत. वाहनधारकाचे वर्तन त्याला व्यवसायाबाहेर काढण्याइतके गंभीर आहे काय, हा प्रश्न आयुक्तांनी स्वतःला विचारला पाहिजे, असे तत्त्व अपील न्यायाधिकरणाने २००२ मध्ये मांडले. शिक्षा देणे हा या अधिकाराचा हेतू नसून रस्त्यावरील इतरांचे संरक्षण हा त्याचा हेतू आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

डिसेंबर २०११ पासून लागू झालेल्या युरोपीय विनियमाने प्रत्यक्ष व स्थिर आस्थापना ही चौथी अट घातली. पहिल्या वाहनासाठी ९,००० युरो व त्यानंतरच्या प्रत्येक वाहनासाठी ५,००० युरो इतके भांडवल व राखीव निधी दाखविणे आवश्यक ठरले. पैशाची ही अट केवळ धनकोंच्या संरक्षणासाठी नाही. ज्याच्याकडे टायर बदलण्यास पैसे नाहीत तो झिजलेल्या टायरवर वाहन चालवितो, हे त्यामागील व्यावहारिक सत्य आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरही या चार अटी देशांतर्गत कायद्यात कायम राहिल्या.

६. स्वेच्छेची अधिस्वीकृती :

शासकीय परवाना किमान पातळी ठरवितो. लंडनसारख्या महानगरात ही किमान पातळी अपुरी असल्याचे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जाणवू लागले. एकूण रहदारीतील अवजड वाहनांच्या प्रमाणाशी तुलना करता, सायकलस्वारांच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा फारच मोठा होता. डावीकडे वळणाऱ्या लॉरीच्या चालकाला बाजूचा सायकलस्वार दिसत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अशा वेळी लॉरी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असू शकत होती.

या पार्श्वभूमीवर 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या संस्थेने २००८ मध्ये ताफाचालकांसाठी 'फोर्स' या नावाने ओळखली जाणारी मान्यता योजना सुरू केली. तिच्यात कांस्य, रौप्य व सुवर्ण असे तीन स्तर आहेत. व्यवस्थापन, वाहने, चालक व कार्यपद्धती या चार अंगांनी तपासणी होते. कांस्य स्तरासाठी तपासनीस प्रत्यक्ष कागदपत्रे व व्यवस्था पाहतो. रौप्य स्तरासाठी वाहनावर कॅमेरे, संवेदक व वळताना ध्वनीने सूचना देणारी यंत्रणा असावी लागते. त्याचबरोबर चालकांना प्रत्यक्ष सायकलवर बसवून शहरी रस्त्याचे प्रशिक्षण दिले जाते. सुवर्ण स्तरासाठी आधी रौप्य स्तर मिळवून सातत्याने सुधारणा केल्याचे पुरावे द्यावे लागतात.

ही योजना ऐच्छिक होती. पण 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ येथे काळजीपूर्वक समजून घ्यावा लागतो. 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'ने आपल्या कंत्राटांत या मान्यतेची किंवा समकक्ष निकषांची अट घातली. २०१३ मध्ये बांधकाम क्षेत्रासाठी 'क्लॉक्स' हा उपक्रम सुरू झाल्यावर बांधकाम कंपन्याही अशीच मागणी करू लागल्या. कायद्याने सक्ती नव्हती, परंतु मान्यता नसलेल्या ट्रकला बांधकामाच्या फाटकातून आत प्रवेश मिळेनासा झाला. सक्ती करणारा शासनसंस्थेऐवजी ग्राहक झाला, एवढाच बदल होता. २०१५ मध्ये ही योजना चालविण्याचे काम कराराद्वारे खासगी समूहाकडे सोपविण्यात आले.

मोठ्या कंपन्यांना हा बदल फारसा जड गेला नाही. त्यांच्याकडे स्वतंत्र अनुपालन विभाग असतात. दोन-तीन वाहने असलेल्या मालकाला मात्र तपासणीचे शुल्क, उपकरणांचा खर्च व प्रशिक्षणासाठी चालकाचा वाया जाणारा दिवस हे सर्व स्वतःच सोसावे लागते. त्याच्या व्यवसायात मालक, व्यवस्थापक व प्रसंगी चालक ही एकच व्यक्ती असते. १९३३ मध्ये लहान अर्जदाराला रेल्वेची हरकत अडवीत होती. येथे खर्च अडवितो. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. रेल्वेच्या हरकतीने कोणाचाही जीव वाचत नव्हता. कॅमेऱ्याने व प्रशिक्षणाने तो वाचू शकतो. लहान व्यावसायिकाची तक्रार खरी आहे, परंतु तिचे उत्तर निकष शिथिल करणे हे नसून तो खर्च वाहतुकीच्या दरात धरला जाणे हे आहे.

कालांतराने ऐच्छिक निकषांचे कायद्यात रूपांतर झाले. १ सप्टेंबर २०१५ पासून लंडनमध्ये बाजूचे संरक्षक कठडे व विशिष्ट आरसे बंधनकारक झाले. लॉरीच्या काचांतून चालकाला किती दिसते यावर आधारित परवाना योजनेची अंमलबजावणी मार्च २०२१ मध्ये सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिचे निकष अधिक कडक करण्यात आले. याउलट दिशेनेही प्रयोग झाला. शासनाच्या 'डीव्हीएसए' या यंत्रणेने एप्रिल २०१८ मध्ये सातत्याने नियम पाळणाऱ्या व्यावसायिकांसाठी योजना आणली. देखभाल व चालकांच्या तासांविषयीची माहिती संगणकीय पद्धतीने नियमितपणे देणाऱ्या व्यावसायिकाची वाहने रस्त्यात तपासणीसाठी थांबविली जाण्याची शक्यता कमी होते.

७. कागद आणि ब्रेक : बाथची दुर्घटना :

९ फेब्रुवारी २०१५ रोजी इंग्लंडमधील बाथ शहरात उतारावरून येणाऱ्या एका टिपर ट्रकचे ब्रेक निकामी झाले. त्या अपघातात एका चार वर्षांच्या मुलीसह चौघांचा मृत्यू झाला. ट्रक परवानाधारक व्यवसायाचा होता. चौकशीत ब्रेकची स्थिती अत्यंत वाईट असल्याचे आढळले. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने वाहतूक व्यवसायाचा मालक व यांत्रिक अशा दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. वाहन चालविणाऱ्या तरुणाची मात्र निर्दोष मुक्तता झाली.

या निकालातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अपघाताचा दोष चालकावर ढकलून मालकाला मोकळे होता येत नाही. ताफा चालविणारा हाच जबाबदारीचा केंद्रबिंदू आहे. ऑपरेटर परवान्याची संपूर्ण संकल्पना याच तत्त्वावर उभी आहे. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. परवाना असणे व वचनांचे पालन होणे या दोन भिन्न बाबी आहेत. सुरक्षा तपासणीचा तक्ता भरता येतो आणि तरीही ब्रेककडे कोणी पाहिलेले नसते. कागदावरील नोंद व वाहनाची प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर तपासणारी व्यवस्था सतत जागी नसेल, तर अधिस्वीकृती हे केवळ सुशोभित प्रमाणपत्र उरते.

८. भारतीय संदर्भ :

भारतातही १९३० च्या दशकात रस्ता व रेल्वे यांच्यातील स्पर्धेचा प्रश्न उपस्थित झाला. १९३३ मध्ये मिचेल व कर्कनेस यांचा यासंबंधीचा अहवाल सादर झाला. १९३७ मध्ये वेजवुड समितीने रेल्वेच्या स्थितीची चौकशी केली. त्यानंतर संमत झालेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक वाहक व खासगी वाहक असे परवान्यांचे वर्ग आढळतात. ब्रिटनमधील 'अ' व 'क' परवान्यांशी त्यांचे साम्य उघड आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये रस्ता वाहतुकीच्या पुनर्रचनेविषयी अहवाल दिला. परंतु 'गरज' तपासणारा मूळ कायदा कायम राहिला. ब्रिटनने १९६८ मध्ये जो निकष सोडला, तो भारतात १ जुलै १९८९ रोजी १९८८ चा कायदा अमलात येईपर्यंत टिकून होता. नव्या कायद्याने परवाना देण्याचे धोरण उदार केले.

मात्र भारतात 'गरज' हा निकष गेल्यानंतर त्याच्या जागी ताफाचालकाच्या 'पात्रते'चा निकष तितक्या स्पष्टपणे आला नाही. आपल्याकडे वाहनासाठी योग्यता प्रमाणपत्र असते व चालकासाठी अनुज्ञप्ती असते. ताफ्याच्या मालकाला वा व्यवस्थापकाला कोणतीही व्यावसायिक परीक्षा द्यावी लागत नाही. १८६५ च्या वाहक कायद्याची जागा घेणारा २००७ चा रस्तामार्गे वहन कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याने सार्वजनिक वाहकांना नोंदणी बंधनकारक केली; परंतु त्याचा भर मालाविषयीच्या दायित्वावर आहे.

उद्योगाच्या पातळीवरील मान्यतेचे एक भारतीय उदाहरण मात्र उल्लेखनीय आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेली व मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय बँक संघटना वाहतूकदारांची शिफारसयादी ठेवते. व्यापारी बँकेकडून कर्ज घेताना मालाची बिल्टी तारण म्हणून देतो. ती बिल्टी खरी आहे, असा विश्वास बँकेला वाटणे आवश्यक असते. 'आयबीए मान्यताप्राप्त' ही अनेक वाहतूक कार्यालयांच्या फलकावर दिसणारी अक्षरे या विश्वासाची निदर्शक आहेत. येथे अधिस्वीकृती बँकेच्या पैशाचे रक्षण करते. पादचाऱ्याच्या रक्षणाशी तिचा थेट संबंध नाही.

निष्कर्ष :

१) ब्रिटनमधील परवाना पद्धतीचा उदय सुरक्षितता व रेल्वेचे आर्थिक संरक्षण या दोन हेतूंच्या मिश्रणातून झाला. या मिश्रणामुळे १९३३ ते १९६८ या काळात परवाना हा गुणवत्तेचा नव्हे, तर मक्तेदारीचा आधार बनला.

२) १९६८ च्या कायद्याने निकष 'गरजे'कडून 'पात्रते'कडे नेला व १९७४ च्या युरोपीय निदेशाने त्यास व्यावसायिक क्षमतेच्या परीक्षेची जोड दिली.

३) एकविसाव्या शतकातील ऐच्छिक अधिस्वीकृतीमागे ग्राहकाची आर्थिक सक्ती आहे. तिचे निकष पुढे कायद्यात उतरल्याचे लंडनच्या उदाहरणावरून दिसून येते.

४) प्रत्येक टप्प्यावर नियमांचा भार लहान व्यावसायिकावर अधिक पडला. हा भार न्याय्य आहे किंवा नाही, हे तो कोणाच्या रक्षणासाठी लादला गेला यावरून ठरवावे लागते.

५) भारतात वाहन व चालक यांची तपासणी होते, ताफाचालकाच्या व्यावसायिक क्षमतेची तपासणी करणारी समकक्ष व्यवस्था नाही.

समारोप :

परवाना देताना घेतलेली परीक्षा एका दिवसाची असते. ट्रक मात्र रोज रस्त्यावर धावतो. म्हणूनच ब्रिटनच्या नऊ दशकांच्या अनुभवाचे सार अधिस्वीकृती देण्याच्या पद्धतीत नसून ती काढून घेण्याच्या अधिकारात आहे. जी मान्यता गमावण्याची भीती नसते, ती मालकाला भिंतीवर टांगण्यासाठी उपयोगी पडते, उतारावरून चालणाऱ्या माणसाला नाही. भारतात ताफाचालकांच्या मान्यतेचा विचार जेव्हा होईल, तेव्हा ही मान्यता कोणाचे रक्षण करण्यासाठी आहे, या प्रश्नापासून त्याचा प्रारंभ व्हावयास हवा.